सेमेलवाइस : पडद्यावर आणि नोंदवहीत

'सेमेलवाइस', 1952. हंगेरियन, कृष्णधवल. दिग्दर्शक फ्रिद्येश बान. मुख्य भूमिकेत इम्रे आपाती. सोबत एर्झी शोमोद्यी आणि मार्गित फोल्देशी. कथानायक डॉक्टर, आणि त्याचे सगळे म्हणणे एका दमात सांगून होते : बाळंतिणीला हात लावण्याआधी तो हात क्लोरिनच्या पाण्यात धुवा. एवढ्यासाठी इग्नाझ सेमेलवाइसची व्हिएन्नातली नोकरी गेली, ते शहर सुटले, मित्र दुरावले आणि 13 ऑगस्ट 1865 रोजी वयाच्या 47व्या वर्षी तो एका वेड्यांच्या इस्पितळात मेला. ही टिपणे त्या चित्रपटाच्या निमित्ताने आणि त्याच्या मागे असलेल्या नोंदवह्यांबद्दल.

*

बानच्या आधीही सिनेमावाल्यांना हा माणूस सापडला होता. 1938 मध्ये हॉलिवूडच्या एमजीएमने त्याच्यावर जेमतेम दहा मिनिटांचा लघुपट केला, 'दॅट मदर्स माइट लिव्ह'. दिग्दर्शक फ्रेड झिनेमान, पुढे 'हाय नून' करणारा. त्या लघुपटाला ऑस्कर मिळाले. झिनेमान व्हिएन्नात वाढलेला; तिथे कायदा शिकला आणि तो सोडून सिनेमाकडे वळला. सेमेलवाइसही 1837 साली व्हिएन्नात आला तो कायदा शिकायलाच, आणि वर्षभरात वैद्यकाकडे वळला.

1940 मध्ये हंगेरीतच एक 'सेमेलवाइस' झाला. त्यात तिवादार उराय हा रंगभूमीवरचा मोठा नट आणि एर्झी शिमोर. दिग्दर्शक एन्द्रे तोत, म्हणजेच पुढे अमेरिकेत गाजलेला आंद्रे द टॉथ. युद्ध पेटत असताना त्याने वर्षभरात हंगेरीत पाच चित्रपट उरकले आणि देश सोडला. त्याला एकच डोळा होता, तरी 1953 चा 'हाउस ऑफ वॅक्स' हा गाजलेला थ्रीडी चित्रपट त्याच्याच नावावर आहे. 1950 मध्ये पूर्व जर्मनीत गेओर्ग क्लारेनने 'सेमेलवाइस – मातांचा तारणहार' काढला, कार्ल पारिलाला घेऊन. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत चार वेळा, तीन देशांत, तीन वेगवेगळ्या राजवटींखाली ही एकच गोष्ट सांगावीशी वाटली. प्रत्येकाला तिच्यात आपापला शत्रू दिसत होता, असे मला वाटते. गोष्टीचे हे बळही आहे आणि तिच्यावर झालेला अन्यायही.

*

आता नोंदवही.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. 1840 पासून पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. इमारत तीच, हवा तीच, अन्न तेच. 1841 ते 1846 या सहा वर्षांत पहिल्या विभागात 20,042 बाळंतपणे झाली आणि 1,989 बायका मेल्या. दुसऱ्यात 17,791 बाळंतपणे, 691 मृत्यू. एकीकडे दहा टक्के, दुसरीकडे चारही नाहीत. 1842 हे पहिल्या विभागाचे सर्वांत वाईट वर्ष : 3,287 पैकी 518.

सेमेलवाइसचे म्हणणे होते की खरा आकडा याहून मोठा आहे. आजारी पडलेल्या कित्येक बाळंतिणींना मुख्य इस्पितळात हलवत, आणि तिथे मेलेल्या बायका प्रसूती विभागाच्या खात्यावर लागत नसत.

या बायका कोण होत्या? बहुतेक गरीब, मोलकरणी, कामकरी, पुष्कळशा अविवाहित. इस्पितळात बाळंतपण फुकट होई, मूल अनाथालयात घेतले जाई. बदल्यात विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी अंग द्यावे लागे. श्रीमंतांच्या बायका घरी बाळंत होत. त्यांच्यावर हा प्रयोग कुणी करत नव्हते.

*

दाखल करून घेण्याचे वार ठरलेले. सोमवारी दुपारी चार वाजता पहिल्या विभागाची पाळी सुरू होई ती मंगळवारी चारपर्यंत, मग दुसऱ्याची, मग पुन्हा पहिल्याची. आठवड्याच्या शेवटी पहिल्याला सलग अठ्ठेचाळीस तास मिळत. म्हणजे आठवड्यातले चार दिवस पहिला विभाग आणि तीन दिवस दुसरा.

शहरातल्या गरीब बायकांना हे वेळापत्रक तोंडपाठ होते. चुकून पहिल्या विभागाच्या पाळीला आलेल्या बायका गुडघे टेकून, हात जोडून, मला इथे नको म्हणून विनवत. सेमेलवाइसने हे स्वतः पाहिले आणि लिहून ठेवले. कुणी वाटेतच, गाडीत किंवा गल्लीत बाळंत होत आणि मग मूल घेऊन येत. रस्त्यावर बाळंत झालेल्या या बायका कमी मरत. थंडीत, अंधारात, कुणाच्या मदतीशिवाय झालेले बाळंतपण युरोपातल्या नामांकित इस्पितळातल्या बाळंतपणापेक्षा सुरक्षित होते. शहाण्यासुरत्या प्राध्यापकांना जे पटवून देता आले नाही, ते त्या बायकांना आकडा न पाहता ठाऊक होते. माझ्या मते या प्रकरणातले पहिले निदान त्यांचेच.

*

या मरणांची, म्हणजे बाळंतज्वराची, कारणे काय काय सांगितली गेली, त्याची जंत्री वाचताना जीव गुदमरतो. हवेतला विषार. पण मग एकाच छपराखाली दोन आकडे कसे? गर्दी. पण गर्दी दुसऱ्या विभागात जास्त, कारण सगळ्यांना तिथेच जायचे असे. पुरुषांनी तपासल्यामुळे बायकांना वाटणारी लाज. परदेशी विद्यार्थ्यांचे धसमुसळे हात : एका चौकशी समितीने हे कारण धरून विद्यार्थ्यांची संख्या 42 वरून 20 वर आणली आणि परदेशी जवळजवळ सगळे वगळले. भीती : मरणाऱ्या बाईला अंतिम संस्कार देण्यासाठी पाद्री येई, त्याच्या पुढे घंटा वाजवणारा, आजारी खोलीकडे जाताना तो सगळ्या वॉर्डांतून जाई. सेमेलवाइसने पाद्र्याला दुसऱ्या वाटेने, घंटेशिवाय यायला लावले. फरक पडला नाही. दुसऱ्या विभागात बायका कुशीवर बाळंत होत, म्हणून पहिल्यातही तसे करून पाहिले. फरक पडला नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. पहिल्या विभागात बायका ओळीने आजारी पडत, शेजारशेजारच्या खाटांवरच्या. दुसऱ्या विभागात असे होत नसे. विद्यार्थी ओळीने तपासत जात होते.

आणखी एक. ज्या बाईच्या कळा लांबत, ती हमखास मरे. लांबलेल्या कळा म्हणजे जास्त वेळा तपासणी.

*

चित्रपटात बहुधा जागा मिळत नाही अशी गोष्ट : ब्राइटचा हिवाळा.

सेमेलवाइस जुलै 1846 मध्ये प्राध्यापक योहान क्लाइनचा सहायक झाला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या आधीचा सहायक फ्रान्झ ब्राइट परत आला, म्हणून सेमेलवाइसला बाजूला व्हावे लागले. नंतर ब्राइट ट्युबिंगेनला प्राध्यापक म्हणून गेला आणि मार्च 1847 मध्ये सेमेलवाइस पुन्हा जागेवर आला. आता महिन्यांचे आकडे पाहा. डिसेंबर : 298 पैकी 16 मृत्यू. जानेवारी : 311 पैकी 10. फेब्रुवारी : 312 पैकी 6. मार्च : 305 पैकी 11. आणि एप्रिल, सेमेलवाइस परतल्यानंतरचा पहिला पूर्ण महिना : 312 पैकी 57.

तो कामचुकार असता तर हा आकडा इतका चढला नसता. तो पहाटे शवागारात जाऊन, बाळंतज्वराने मेलेल्या बायकांची शवे उघडून कारण शोधत होता, आणि तिथून थेट वॉर्डात येत होता. कारण त्याच्या बोटांवर होते. हे कळल्यावर त्याने ते लपवले नाही. आपल्यामुळे किती बायका अकाली थडग्यात गेल्या हे देवालाच माहीत, अशा अर्थाचे त्याने पुस्तकात स्वतःच्या नावावर लिहिले आहे. वैद्यकाच्या इतिहासात असा कबुलीजबाब फार थोड्यांनी दिला.

मला हा माणूस मोठा वाटतो तो इथे. शोध लागणे ही एक गोष्ट. त्या शोधाचा पहिला आरोपी आपण स्वतः आहोत हे मान्य करणे दुसरी. चरित्रपट हा भाग घाईने ओलांडतात, कारण नायकाचे हात स्वच्छ असावेत अशी त्या प्रकाराची रीत आहे.

*

मार्च 1847. सेमेलवाइस मित्रांबरोबर व्हेनिसला गेला होता. परत येतो तो बातमी : याकोब कोलेच्का गेला. न्यायवैद्यकाचा प्राध्यापक, जवळचा मित्र. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याच्या बोटाला लागली. बोट सुजले, हात सुजला, ताप चढला, मृत्यू. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइसने वाचला आणि त्याला दिसले ते शेकडो बाळंतिणींच्या शरीरांत पाहिलेलेच. मग कोलेच्काचा रोग आणि बाळंतिणींचा रोग एकच. त्याच्या शरीरात जे सुरीने गेले, ते त्यांच्या शरीरात डॉक्टरांच्या बोटांनी गेले. सुइणी शवे उघडत नाहीत, म्हणून दुसरा विभाग वाचतो.

चित्रपटाला हवा तसा हा क्षण आहे आणि प्रत्येक दिग्दर्शकाला तो हाताशी तयार मिळतो. पण त्याच्या आधीचे महिने, निष्फळ उपाय, घंटा, कुशीवरची बाळंतपणे, यांच्याशिवाय तो क्षण जादूसारखा भासतो. मित्राचा मृत्यू डोक्यात पडला तेव्हा तिथे आकड्यांची तयार जमीन होती.

*

वास. साबणाने धुऊनही शवागाराचा वास हातांना राही. सेमेलवाइसने क्लोरिन निवडले ते या वासावरून : वास जाईल ते द्रव्य घाण काढत असले पाहिजे. आधी क्लोरिनचे पाणी, मग ते महाग म्हणून क्लोरिनचा चुना, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. मे 1847 च्या मध्यापासून दारात घंगाळ ठेवले गेले. मे महिन्यात 294 पैकी 36 मृत्यू. जूनमध्ये 268 पैकी 6. जुलैत 250 पैकी 3. ऑगस्टमध्ये 264 पैकी 5.

जंतू हा शब्द त्याच्याकडे नव्हता. तो 'शवाचे कण' म्हणत होता. अपुऱ्या शब्दांनिशी, नाकाच्या भरवशावर, तो बरोबर जागी पोचला. पडद्यावर हात दाखवता येतात, घंगाळ दाखवता येते, वास दाखवता येत नाही. आणि या कथेतला सर्वांत मोठा साक्षीदार वासच आहे.

*

ऑक्टोबर 1847. पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग असलेली एक बाई, प्रसूतीसाठी आलेली. फेरी तिच्यापासून सुरू होई. तिला तपासून झाल्यावर डॉक्टरांनी हात फक्त साबणाने धुतले आणि पुढच्या खाटांकडे वळले. तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारापैकी अकरा मेल्या.

सेमेलवाइसला इथून कळले की विष केवळ शवातून येत नाही. जिवंत शरीरातल्या सडणाऱ्या भागातूनही येते. म्हणून दोन बायकांच्या मधेही हात धुवायचे. त्याच्या विरोधकांनी ही सुधारणा वाचलीच नाही. 'आमच्या इस्पितळात शवविच्छेदन होत नाही, तरी बाळंतज्वर आहे' असा मुद्दा ते पुढे कित्येक वर्षे मांडत राहिले.

त्या अकरा जणींची नावे मला कुठे आढळली नाहीत. बाई कोणत्या खाटेवर होती ते मात्र कायम झाले.

*

शत्रू न दिसणारा. डॉक्टरांवरच्या चरित्रपटांची ही मोठी अडचण आहे. वॉर्नर ब्रदर्सच्या 1936 च्या पाश्चरपटात पॉल म्युनीला निदान सूक्ष्मदर्शक तरी मिळतो. पाश्चरने 1879 मध्ये पॅरिसमध्ये बाळंतज्वराच्या जंतूंची साखळी फळ्यावर काढून दाखवली होती. सेमेलवाइसच्या हाती असे काहीच नाही. त्याच्याजवळ आहे रकान्यांची वही. वहीवर कॅमेरा फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून दिग्दर्शक शत्रू माणसांत शोधतो आणि क्लाइन खलनायक होतो.

आपल्याकडचा याच काळातला डॉक्टरपट म्हणजे शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 1946. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच लग्न केले, 1942 मध्ये तिथेच वारले. बापूंनी ती भूमिका स्वतः केली, पत्नीची जयश्रीबाईंनी. मूळ कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. त्या चित्रपटात रणांगण आहे, बाँब आहेत, जखमी सैनिक आहेत. डॉक्टर कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरुद्ध उभा आहे हे पहिल्या रिळापासून स्पष्ट. कोटणीसांचे मोठेपण त्याने उणावत नाही. पण दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की सेमेलवाइसची अवघड जागा दिसते : त्याला ज्यांच्याशी लढायचे होते ते त्याचेच सहकारी, त्याचेच गुरू, आणि मे 1847 च्या आधीचा तो स्वतः.

*

क्लाइनबद्दल थोडे. त्याच्या आधी प्रसूतीचे प्राध्यापक होते योहान बोएर. ते विद्यार्थ्यांना शवांवर शिकवत नसत. लाकूड-कातड्याच्या पुतळ्यावर शिकवत. त्यांच्या काळात मृत्यूचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होते. 1822 मध्ये त्यांना जावे लागले, क्लाइन आला, शवांवर शिक्षण सुरू झाले आणि प्रमाण चढले. सेमेलवाइसने हे जुने आकडे काढले तेव्हा क्लाइनला काय वाटले असेल? आपल्या कारकिर्दीचा पहिला दिवस हाच या मरणांचा पहिला दिवस आहे, हे मान्य करायला लागणारे धैर्य फार थोड्यांकडे असते. मला क्लाइनचा राग येतो, पण त्याच्याकडे निव्वळ दुष्ट म्हणून पाहिले तर प्रश्नच निसटतो.

व्हिएन्नात विकृतिशास्त्राचा प्राध्यापक रोकितान्स्की याच्या शवागाराने वैद्यकाला नवे डोळे दिले होते. शरीर उघडून पाहा, मगच बोला, ही त्या काळातली सर्वांत प्रगत शिकवण. आणि नेमकी तीच बाळंतिणींना मारत होती. मागासलेल्या लोकांनी प्रगतीला केलेला विरोध असे चित्र चरित्रपटांना आवडते. इथे प्रगतीचे हातच दूषित होते.

कीलचे गुस्ताव आडोल्फ मिखाएलिस यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांनी सेमेलवाइसचे म्हणणे लवकर मानले, आपल्या इस्पितळात क्लोरिन आणले. पण त्याआधी त्यांनी स्वतःच्या नात्यातल्या एका बाईला तपासले होते आणि ती बाळंतज्वराने गेली होती. आता तिच्या मृत्यूचे कारण त्यांना कळले. 1848 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पटणे किती महाग पडू शकत होते ते इथे दिसते. ज्यांना पटले नाही त्यांच्यापैकी किती जणांनी आतून तेच ओळखले असेल आणि दार लावून घेतले असेल, हा विचार मनातून जात नाही.

*

मार्च 1848. तेराव्या तारखेला व्हिएन्नात उठाव झाला, चान्सलर मेटर्निख पळाला, दोन दिवसांनी हंगेरीत पेश्तमध्येही क्रांती. त्याच महिन्यात पहिल्या विभागात 276 बाळंतपणे झाली आणि एकही बाई मेली नाही. पुन्हा ऑगस्टमध्ये 261, एकही नाही. पूर्ण वर्षाचे मिळून 3,556 पैकी 45. दुसऱ्या विभागात 3,319 पैकी 43. दोन्ही विभाग सारखे झाले.

सिनेमावाल्यांना मार्च 1848 म्हणजे झेंडे आणि गर्दी. मला त्या महिन्याचा रकाना जास्त मोठा वाटतो.

*

1952 च्या हंगेरीत सिनेमा सरकारी होता. 1948 मध्ये चित्रपटउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतरचा पहिला चित्रपट याच बानचा : 'तालपालात्न्यी फोल्द', जमिनीसाठी झगडणाऱ्या शेतकऱ्यांचा. कम्युनिस्ट नेता राकोशीची राजवट, मॉस्कोचा धडा. सोव्हिएत पडद्यावर तेव्हा शास्त्रज्ञांची रांग लागली होती : कोझिन्त्सेवचा 'पिरोगोव', दोव्हझेन्कोचा 'मिचुरिन', रोशालचा 'पावलोव'. हंगेरीतही 1952 साली 'सेमेलवाइस'च्या जोडीने संगीतकार एर्केलवरचा चित्रपट आला, मार्तोन केलेतीचा. राष्ट्राचे थोर पुरुष, जनतेच्या बाजूचे, परक्या आणि प्रतिगामी सत्तेविरुद्धचे. या साच्यात सेमेलवाइस सहज बसतो : हंगेरियन डॉक्टर, गरीब बायकांच्या बाजूचा, ऑस्ट्रियन दरबारी प्राध्यापकांविरुद्ध.

साचा खोटा नाही, पण अपुरा आहे. सेमेलवाइस बुडाच्या ताबान भागातल्या किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घरची भाषा जर्मन, मोठे पुस्तक जर्मनमध्ये. त्याच्या बाजूने व्हिएन्नातले मोठे डॉक्टर उभे राहिले : श्कोडा, रोकितान्स्की, हेब्रा. त्याचा शोध पहिल्यांदा छापला तो हेब्राने, डिसेंबर 1847 मध्ये. पेश्तला परतल्यावर जे सहकारी त्याच्याशी तुटकपणे वागले ते हंगेरियनच होते.

तरीही 1952 च्या बुडापेश्तमध्ये बसून, बड्या अधिकाऱ्यांना तुमचेच हात घाण आहेत असे सांगणाऱ्या माणसावर चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकांना त्यात व्हिएन्नाच दिसत असेल का, असे मनात येते.

*

त्याचे दोषही लिहायला हवेत. त्याने वेळेवर लिहिले नाही. 1847 चा शोध, आणि पुस्तक आले 1861 च्या सालाने. मधली वर्षे मित्र त्याच्यासाठी लिहीत-बोलत होते. 1850 मध्ये अध्यापनाची परवानगी मिळाली ती पुतळ्यावर शिकवण्यापुरती. ती अट कळताच तो कुणालाही न सांगता व्हिएन्ना सोडून गेला. हेब्रा-श्कोडांना ते लागले. पुस्तक आले तेही जड, पुनरुक्तींनी भरलेले. त्यातल्या तक्त्यांत सत्य आहे आणि परिच्छेदांत संताप. मग 1861-62 मध्ये खुली पत्रे. नामांकित प्राध्यापकांना नावानिशी खुनी म्हणणारी.

त्याचा राग चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. दर महिन्याला टाळता येणारी मरणे मोजणाऱ्या माणसाने मवाळ भाषेत लिहावे ही अपेक्षा दूर बसलेल्यांची. पण त्या पत्रांनी एकही हात धुतला गेला नाही, हेही खरे.

*

पेश्तमधले सेंट रोकुश इस्पितळ. 1851 ते 1855, बिनपगारी प्रमुख डॉक्टर. 933 बाळंतपणे, 8 मृत्यू. व्हिएन्नाच्या तुलनेत लहान इस्पितळ, पण शंका काढायला जागा न ठेवणारा आकडा. 1855 मध्ये पेश्त विद्यापीठात प्राध्यापक. तिथे पुन्हा ताप वाढला तेव्हा त्याने माग काढला तो चादरींपर्यंत : नीट न धुतलेल्या, आधीच्या बाळंतिणीच्या रक्ताने माखलेल्या चादरी पुढच्या बाईच्या खाली घातल्या जात होत्या. घाण चादरी उचलून तो अधिकाऱ्यांपुढे घेऊन गेला. या एका प्रसंगात मला सगळा सेमेलवाइस दिसतो, पुतळ्यांपेक्षा कितीतरी अधिक. मित्र लायोश मार्कुशोव्स्की याने 1857 मध्ये सुरू केलेल्या 'ओरवोशी हेतिलाप' या साप्ताहिकात त्याने बाळंतज्वरावर हंगेरियनमध्ये लेख लिहिले, 1858 मध्ये. आपल्याच भाषेतल्या, आपल्याच गावच्या डॉक्टरांसाठी.

*

शेवट. 1865 च्या उन्हाळ्यात त्याचे वागणे घरच्यांना सोसवेना. आजार नेमका कोणता यावर अजून वाद आहे. जुलैअखेर पत्नी मारिया त्याला रेल्वेने व्हिएन्नाला घेऊन आली. स्टेशनवर उतरवून घ्यायला हेब्रा. नवे उपचारगृह दाखवतो असे सांगून त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेले. ज्याने शोध जगापुढे पहिल्यांदा मांडला, त्यालाच हे करावे लागले. दोन आठवड्यांत सेमेलवाइस गेला. उजव्या हाताला चिघळलेली जखम, विष अंगभर पसरलेले. कोलेच्का ज्या रोगाने गेला तोच.

बराच काळ सांगितले जाई की ती जखम शेवटच्या एका शस्त्रक्रियेतली. पुढे इस्पितळाचे कागद बाहेर आले आणि तिथल्या नोकरांनी त्याला मारहाण केली असावी, असे अभ्यासक लिहू लागले. 1940 किंवा 1952 मध्ये चित्रपट काढणाऱ्यांपुढे हे कागद नव्हते. लायोश कोल्तईच्या 2023 च्या 'सेमेलवाइस'पर्यंत येताना आपल्याला पुष्कळ जास्त माहिती आहे.

तो मेला त्याच्या आदल्याच दिवशी, 12 ऑगस्टला, ग्लासगोत शल्यवैद्य जोसेफ लिस्टरने एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. सेमेलवाइसच्या अंत्ययात्रेला पत्नी नव्हती. पुढे कुटुंबाने सेमेलवाइस हे आडनाव सोडून सेमेरेन्यी घेतले. अस्थी 1891 मध्ये व्हिएन्नाहून बुडापेश्तला आल्या आणि 1964 मध्ये जन्मघरात. तिथे आता वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मारियाला या सगळ्या कथांमध्ये दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. एकोणीस वर्षांनी लहान, पाच मुले, त्यांतली दोन तान्हेपणीच गेलेली. तिचा निर्णय चुकला म्हणणाऱ्यांनी तिच्या घरात एक महिना राहून पाहायला हवे होते.

*

आणखी एक 'सेमेलवाइस' निघणार असेल तर माझी मागणी एवढीच : त्याची सुरुवात दुसऱ्या विभागात व्हावी. सुइणींच्या विभागात. त्यांच्याकडे बायका का वाचतात याचे श्रेय त्यांना कुणी दिले नाही. समित्यांनी त्यांच्याकडे पाहिले ते पहिल्या विभागाला दोष कशाचा द्यायचा एवढ्याचसाठी. रविवार दुपारचे चार ते सोमवार दुपारचे चार, दुसऱ्या विभागाची पाळी. गावात कळा सुरू झालेली एक मोलकरीण घड्याळाकडे पाहत निघते. साडेतीन वाजलेत. इस्पितळ अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. तिच्या दृष्टीने सगळा प्रश्न आहे तो त्या अर्ध्या तासाचा, आणि सेमेलवाइस कोण हे तिला माहीत असण्याचे काही कारण नाही.